एकशे सतरा नंबरची काच

मुलीचा फोटो काढायचा असला की सुभद्राअक्का आधी स्वतः त्या खुर्चीवर जाऊन बसत. मुलगी एका बाजूला अवघडून उभी असे, तिची आई पदराशी चाळा करत असे, आणि अक्का पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून कॅमेऱ्यासमोर मिनिटभर बसून राहत. बाकावरून त्यांचे यजमान, तात्या, सांगत, "डावा गाल अंधारात आहे." अक्का उठून पडदा वीतभर सरकवत, पुन्हा जाऊन बसत. लहानपणी आलेल्या देवीच्या वणांनी अक्कांचा सगळा चेहरा भरलेला होता. कपाळ, गाल, नाकाचा शेंडासुद्धा सुटला नव्हता. मी एकदा विचारलं, उजेड नुसता बघूनही कळतो, मग तुम्ही बसता कशाला? "पोरीला आधी माझं तोंड त्या खुर्चीत दिसू द्या," त्या म्हणाल्या, "मग तिला स्वतःच्या तोंडाची लाज वाटत नाही."

मी त्या वेळी मुंबईच्या एका कंपनीचा फिरता विक्रेता होतो. परदेशी कॅमेरे, लेन्स, फिल्म, छपाईचा कागद असा आमचा माल. पन्नास सालानंतरची ती वर्षं. आयातीवर बंधनं होती, परवाना असलेल्या थोड्या कंपन्यांकडेच चांगला माल यायचा आणि त्यातली एक आमची. खानदेश माझ्याकडे होता. महिन्यातून एक फेरी: जळगाव, नशिराबाद, फैजपूर, चोपडा, मग एरंडोलवरून धुळे. हातात एक काळी बॅग, बॅगेत नमुने आणि किमतींची यादी.

पहिल्यांदा जळगावच्या त्या स्टुडिओत गेलो तेव्हा पाटीवर पुरुषाचं नाव वाचून मी आत विचारलं, "मालक आहेत का?" कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून एक बाई बाहेर आल्या. नऊवारी लुगडं, बोटांची टोकं फोटो धुण्याच्या औषधांनी पिवळी पडलेली. "मालक बाकावर बसलेत," त्या म्हणाल्या, "माल मी घेते. काय आणलंय ते दाखवा." तात्या बाकावरून हसले आणि त्यांनी नमस्कारासाठी हात उचलले. ते हात थरथरत होते. चाळिशी ओलांडल्यावर तात्यांच्या हातांना कंप सुरू झाला होता. फोटोग्राफरचे हात गेले म्हणजे धंदाच गेला. पण गिऱ्हाईक दारातून परत जाऊ लागलं, तेव्हा एक दिवस अक्का स्वयंपाकघरातून उठून आल्या आणि कॅमेऱ्यामागे उभ्या राहिल्या. तात्या बाकावरून सांगत गेले, त्या शिकत गेल्या. मी त्यांना पाहिलं तोवर त्यांना सांगायची गरज उरली नव्हती. तात्या तरीही सांगत आणि अक्का ऐकत.

माझ्या पहिल्याच वर्षी आमच्याकडून गेलेला कागद दमट निघाला. पंचवीस फोटो डागाळले. अक्कांचं पोस्टकार्ड आलं तसा मी रजा टाकून, दोन खोकी कागद स्वतः उचलून, रेल्वेनं जळगावला आलो. कंपनीनं मला पाठवलं नव्हतं. मी तरुण होतो आणि मला वाईट वाटलं होतं, एवढंच. अक्कांनी खोकी ठेवून घेतली, मला पिठलं-भाकरी वाढली आणि त्या दिवसापासून मी, वैद्य आडनावाचा फिरता विक्रेता, त्यांचा 'वैद्यभाऊ' झालो. पुढे चौदा वर्षांत त्यांनी कागदाचं एक पाकीटसुद्धा दुसऱ्याकडून घेतलं नाही.

नुसतं घेतलं नाही असं नव्हे, दुसऱ्यांनाही घेऊ दिलं नाही. चोपडा, फैजपूर, नशिराबाद, एरंडोल, पारोळा अशा पाच गावांतल्या फोटोग्राफरांची दारं मला अक्कांच्या एका वाक्यानं उघडली. "माणूस येतोय. माल चोख देतो. भाव करू नका, तो खोटा भाव सांगत नाही." इंदूरचा एक व्यापारी दोनदा येऊन गेला, आमच्यापेक्षा स्वस्त देतो म्हणाला. अक्कांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मला हे तात्यांनी सांगितलं. मी अक्कांना विचारलं, तर त्या एकदम अहिराणीत गेल्या. माया दाटली किंवा राग आला की त्यांची भाषा बदलायची. "दोन रुपयासाठे माणूस बदलू का मी? माले काय येड लागनं शे?"

अक्कांकडे गर्दी असायची ती लग्नाच्या मुलींची. मारवाडी आणि जैन घरांतल्या बायका परक्या पुरुषासमोर पदर मागे घ्यायला तयार नसत, त्या अक्कांकडे येत. खेड्यांवरच्या शेतकऱ्यांच्या मुली येत. मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवायची पद्धत तेव्हा आमच्याकडे नुकती रुजत होती आणि त्या काळी दर चार मुलींत एखादीच्या चेहऱ्यावर देवीचे वण असत. दुसरे फोटोग्राफर निगेटिव्हवर पेन्सिल चालवून ते पुसून टाकत. अक्का ते करत नसत. चोपड्याकडच्या एका मुलीचा असाच पुसलेला फोटो बघून मुलाकडची मंडळी बैलगाडी भरून आली होती. मुलगी समोर आल्यावर ती मंडळी चहाला तोंड न लावता उठली. 'फोटो वेगळा, पोरगी वेगळी,' असं दारातच म्हणाली. त्या मुलीचा बाप नंतर तिला घेऊन अक्कांकडे आला. अक्कांनी काढलेला फोटो खरा होता, पण त्या काळच्या बारीकसारीक टिपणाऱ्या लेन्समधून प्रत्येक खड्डा सुईनं कोरल्यासारखा दिसत होता. मुलीनं तो बघितला आणि उलटा करून ठेवला.

"भाऊ, काचले बठ्ठं दिसस," अक्का मला त्या फेरीत म्हणाल्या. लेन्सला त्या नेहमी काचच म्हणत. "पण आईच्या डोळ्यालाही सगळं दिसतं ना? आईला असं दिसतं का? तशी काच नाही का कुठं?"

तशी काच होती. जर्मनीतला एक जुना कारखाना चेहऱ्यांसाठी एक खास लेन्स करत असे. रेषा पुसायची नाही, पण उजेडाला थोडं मऊ करायची. वण वणच राहत, फक्त बोचत नसत. मी अक्कांना एका मासिकातले नमुने दाखवले होते. त्यांनी ते पान चष्मा काढून, डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि म्हणाल्या, "ही आली की पहिली मला सांगा." असं त्या तीन वर्षं म्हणत होत्या.

मग बातमी आली की तो कारखाना ही लेन्स बंद करणार. शेवटच्या दोनशेच निघणार होत्या. प्रत्येकीच्या पितळी कड्यावर नंबर कोरलेला, चामड्याचा डबा, डब्यात कारागिराच्या सहीचं कार्ड. हिंदुस्थानात बारा येणार होत्या आणि त्या बाराही आमच्या कंपनीकडे.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर त्या बारा डब्यांपैकी दोन ठेवलेले होते. मालक वाईट माणूस नव्हते असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. दिवाळीला बोनस देत, माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी गाडी पाठवली होती. त्या दिवशी ते अगदी शांतपणे, शिकवल्यासारखे बोलले.

"वैद्य, बारा नग आहेत आणि मागणारे चाळीस. अशा मालाची किंमत माल बघून नाही, माणूस बघून ठरते. धुळ्यात तो बोरसे म्हणून नवा पोरगा स्टुडिओ टाकतोय ना? अजून कुणाचाच नाही. त्याला एक नग साडेदहाशेला द्या, वर कागदाची दोन खोकी फुकट. तो आपला झाला पाहिजे. आणि जळगावच्या त्या बाई?"

"अक्का."

"त्यांना सोळाशे सांगा."

मी म्हणालो, "साहेब, त्या आपल्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक आहेत."

"म्हणूनच," मालक म्हणाले. "जुनं गिऱ्हाईक जातं कुठं? त्या भाव विचारतात का कधी? नाही ना? मग ज्याला विचारायची सवय नाही त्याला कमी कशासाठी सांगायचं? आणि रुपया पडलाय. तेच सांगा."

त्या वर्षी सरकारनं रुपयाचं मूल्य उतरवलं होतं आणि परदेशी मालाचे भाव सगळीकडे भडकले होते, हे खरं होतं. पण ती लेन्सची खोकी त्याच्या आधीच, जुन्या भावात, गोदीतून सुटून आमच्या गोदामात येऊन पडली होती. मला हे माहीत होतं. मीच ती उतरवून घेतली होती.

जळगावला जाताना मी गाडीत ठरवत होतो की बाराशे सांगू, मालकांना काहीतरी सांगून निभावून नेऊ. सोळाशेवर माझं कमिशन किती होतं हेही मला माहीत होतं. स्टुडिओत पोचलो. अक्कांनी हात धुतले, पुसले आणि डबा उघडला. कड्यावरचा नंबर बोटानं चाचपला. एकशे सतरा. लेन्स उजेडाकडे धरून त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"किंमत?"

"सोळाशे, अक्का."

बाकावर तात्यांचे हात जास्त हलायला लागले. अक्कांनी लेन्स डब्यात परत ठेवली. मग त्यांनी मला विचारलं. किंमत ऐकल्यावर इतक्या वर्षांत विचारलेला तो एकच प्रश्न. "सगळ्यांना हीच का?"

"सगळ्यांना हीच. रुपया पडला ना."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाजात संशय नव्हता, सुटकाच होती. सगळ्यांना महाग आहे म्हणजे आपल्याला कुणी फसवत नाही, अशी ती सुटका.

त्यांच्याकडे पैसे होते ते तात्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी साठवलेले. हे मला तेव्हाच कळलं, कारण तात्या माझ्यासमोरच म्हणाले, "घे ती काच. माझे हात काय डॉक्टर बघून थांबणार आहेत? पुढच्या वर्षी जाऊ." अक्का म्हणाल्या, "अकराशे-बाराशेपर्यंत धरून चालले होते. तेवढ्यात दोन्ही झालं असतं." हे त्या तक्रार म्हणून म्हणाल्या नाहीत. हिशेब चुकला तो आपलाच, अशा स्वरात म्हणाल्या. मी पावती लिहिली. त्या महिन्याच्या कमिशनमधून मी घरी शिलाईचं यंत्र घेतलं. दुसऱ्या आठवड्यात धुळ्याला जाऊन बोरसेला एकशे अठरा नंबरची लेन्स साडेदहाशेला दिली, वर कागदाची दोन खोकी.

काच मात्र तशीच निघाली, अक्कांना हवी होती तशी. त्यांनी चोपड्याकडच्या त्या मुलीच्या बापाला निरोप पाठवून तिला परत बोलावून घेतलं. फोटो काढला त्याचे पैसे घेतले नाहीत. मी पुढच्या फेरीला गेलो तेव्हा ती मुलगी फोटो न्यायला आली होती. अक्का आधी खुर्चीत बसल्या तेव्हा ती कशी हसली हे तात्या मला सांगत होते, इतक्यात अक्कांनी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो धरला, गालावरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या गालावरून फिरवलं. "हाई मीच शे का?" तिनं विचारलं.

"तूच शे," अक्का म्हणाल्या. "मी काहीच पुसेल नही."

मी तिथं बसून चहा प्यायलो. गोड वाटला नाही, पण प्यायलो.

दुसऱ्या वर्षी धुळ्यात खानदेशातल्या फोटोग्राफरांनी एक दिवसाचं संमेलन भरवलं. एका शाळेच्या सभागृहात दोरीवर फोटो टांगलेले, दुपारी जेवण, मग भाषणं. कंपनीतर्फे मीही गेलो होतो, यादी आणि नमुने घेऊन. अक्का एस.टी.नं आल्या होत्या. सगळ्या सभागृहात त्या एकट्याच बाई. चोपड्याच्या त्या मुलीचा फोटो मोठा करून त्यांनी टांगला होता आणि त्याच्यासमोर सारखी माणसं उभी होती. जेवणानंतर लोकांनी आग्रह केला म्हणून अक्का चार शब्द बोलायला उठल्या. लेन्सचा डबा त्यांनी बरोबर आणला होता.

"ही काच," त्या म्हणाल्या, "देशात बारा आल्या, त्यातली एक. महाग पडली. सोळाशे रुपये. पण मी सगळ्यांना सांगते, दोन पैसे जास्त गेले तरी माणूस धरून राहावं. आमचे वैद्यभाऊ इथंच बसलेत. चौदा वर्षं झाली, कधी वेडावाकडा भाव नाही."

दुसऱ्या रांगेतून बोरसे उठला. तो दुष्टपणानं उठला नाही. तरुण होता, त्याला खरंच नवल वाटलं होतं. "अक्का, सोळाशे? माझ्याकडे पण हीच आहे ना. एकशे अठरा नंबर. मला साडेदहाशेला दिली. आणि दोन खोकी कागद वर."

सभागृहात कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. टिंगलीचं हसणं होतं ते, अक्कांच्या भाषणाला मिळालेलं. चोपड्याचे, फैजपूरचे फोटोग्राफर माझ्याकडे वळून बघायला लागले. अक्का उभ्याच होत्या. त्यांनी बोरसेला विचारलं, "कधी घेतली?" त्यानं महिना सांगितला. अक्कांनी बोटं न मोजता, मनातच आपल्या खरेदीचा महिना जुळवला. मग डब्याचं झाकण लावलं आणि भाषण न संपवता खाली बसल्या.

चहाच्या वेळी त्या माझ्याजवळ आल्या. आवाज अगदी नेहमीचा. "भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

आजूबाजूला लोक होते. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो. खरं तर त्या वेळी जवळपास कुणी नव्हतं. मी लोकांचं कारण नंतर जोडलं. "नाही अक्का," मी म्हणालो. "किमती वरून ठरून येतात. मला काय माहीत?"

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच. संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या.

पुढच्या महिन्याच्या फेरीत काय झालं ते मला टप्प्याटप्प्यानं कळलं. नशिराबादला नेहमीच्या फोटोग्राफरनं मला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "या वेळी काही नको." फैजपूरला तेच. चोपड्याच्या दुकानात मी कारण विचारलं तेव्हा तो माणूस जरा गोंधळला आणि म्हणाला, "अक्का आल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. तुमच्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मी तुम्हाला त्यांच्याकडून माल घ्या, भाव करू नका म्हणून सांगितलं होतं. ते माझं चुकलं. तुम्ही आपला भाव विचारून घेत जा. एवढं सांगून हात जोडले आणि पुढच्या गाडीला गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही."

पाचही गावांना त्या गेल्या होत्या. स्टुडिओ चार दिवस बंद ठेवून, एस.टी.च्या धुळीत, एका एका दारात उभं राहून, माझ्या खोटेपणाची माफी त्यांनी मागितली होती. माझं नाव न घेता. मी चोपड्याच्या स्टँडवर बॅग पायाशी ठेवून बसलो होतो तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःची घाण वाटली. तरी मी जळगावला गेलो तो आधीसारखाच हसत गेलो.

अक्कांनी माल घेतला. जळगावात दुसरीकडे तसा कागद मिळत नव्हता आणि धंदा चालवायला हवा होता. पण त्यांनी आधी माझ्या हातातली छापील यादी मागून घेतली, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली, आणि म्हणाल्या, "वैद्यसाहेब, यावर सही करून द्या." मी त्यांचा साहेब झालो तो तेव्हापासून. तात्या बाकावर मान खाली घालून बसले होते. मी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला, त्यांनी तो घेतला. हात उचलायला त्यांना आता फार कष्ट पडत होते. डॉक्टरकडे जायचं त्या वर्षीही राहून गेलं होतं, कारण धुळ्याच्या प्रकारानंतर खेड्यांवरची काही गिऱ्हाइकं बोरसेकडे गेली होती. "जळगावच्या बाईला सोळाशेला बनवलं" हा किस्सा खानदेशातल्या सगळ्या स्टुडिओंत ऐकवला जात होता आणि त्यातलं हसू माझ्यावर नव्हतं, अक्कांवर होतं.

खानदेशातला खप उतरला तेव्हा मालकांनी मला विचारलं. मी अर्धवट खरं सांगितलं. त्यांनी एक उपाय काढला. जुन्या गिऱ्हाइकांना कंपनीतर्फे प्रशस्तिपत्र द्यायचं. जाड कागद, सोनेरी किनार, वर 'आमचे निष्ठावंत ग्राहक', खाली गिऱ्हाइकाचं नाव, सगळं सागवानी चौकटीत बसवलेलं. त्यातलं पहिलं मलाच अक्कांना नेऊन द्यावं लागलं.

अक्कांनी ते वाचलं. तात्यांनाही वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून. मग टेबलावर पालथं घातलं, पकडीनं मागचे खिळे काढले, कागद बाहेर घेतला, नीट गुंडाळी करून तिला दोरा बांधला आणि माझ्या हातात दिला. "चौकट चांगली आहे, साहेब. ती ठेवून घेते. कागद तुमच्या कामाचा आहे." त्या चौकटीत त्यांनी कुणाच्या तरी लग्नाचा फोटो बसवला आणि त्याच दिवशी गिऱ्हाइकाला दिला.

त्यानंतर पाच-सहा वर्षं मी महिन्याला एकदा त्या स्टुडिओत जात राहिलो. अक्का कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. चहा देत होत्या. जेवायला मात्र परत कधी थांबा म्हणाल्या नाहीत. तात्या गेले तेव्हा मी धुळ्यात होतो आणि मला ते पुढच्या फेरीपर्यंत कळलंच नाही. बाक रिकामा दिसला म्हणून विचारलं. "महिना झाला," अक्का म्हणाल्या आणि यादी मागितली. डॉक्टरांनी तात्यांचं काही केलं असतं का, ते कुणालाच सांगता येणार नाही. मुंबईच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना मी पुढे विचारलं. ते म्हणाले, त्या आजारावर तेव्हा फारसं औषध नव्हतंच. मला तेवढ्यानं हलकं वाटायला हवं होतं.

पंचाहत्तरच्या आसपास मी ती नोकरी सोडली आणि नाशिकला एका दुकानात हिशेबनीस म्हणून लागलो. सोडताना तत्त्वाचं काही कारण नव्हतं. पाय दुखत होते, फिरती झेपत नव्हती. पण नोकरी सुटल्यावर एक झालं, मालकांच्या नावावर ढकलता येईल असं काही उरलं नाही. वर्षभरानं मी एका सकाळी नुसता अक्कांना भेटायला म्हणून जळगावला गेलो. बॅग नव्हती, यादी नव्हती.

अक्का फोटो बुडवायचे ट्रे धूत होत्या. केस सगळे पांढरे झाले होते. मी उभ्या उभ्याच बोललो, बसलो असतो तर बोलता आलं नसतं. "अक्का, मला माहीत होतं. दोन्ही किमती मला एकाच दिवशी सांगितल्या होत्या. तुमची आणि बोरसेची. आणि रुपयाचं सांगितलं तेही खोटं होतं. माल आधीच आला होता."

त्यांनी ट्रे पालथा घालून पाणी निथळू दिलं. "हे मला धुळ्यालाच कळलं होतं."

"कसं?"

"तुम्ही 'मला काय माहीत' म्हणालात तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. मी आयुष्यभर माणसांची तोंडं बघत आले, साहेब. तेवढंच येतं मला."

"मग मला तेव्हाच का बोलला नाहीत?"

"मी काय बोलू? बोलायचं होतं ते तुम्ही. मी वाट बघितली. एक वर्ष बघितली, दोन बघितली. दर महिन्याला तुम्ही त्या दारातून आत यायचा, तेव्हा वाटायचं, आज सांगतील. तात्या म्हणायचे, सांगेल तो, मनानं चांगला आहे. शेवटच्या आजारातही एकदा म्हणाले, वैद्यभाऊ काही बोलले का? मी म्हटलं, नाही. मग त्यांनी पुन्हा विचारलं नाही."

मी म्हणालो, "माफ करा."

अक्कांनी पदराला हात पुसले. पहिल्यांदाच त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "पैशाचं मी केव्हाच सोडलं. काच चांगली होती, कामाला आली, मला तिचं दुःख नाही. पण मी पाच दारांत हात जोडायला गेले होते ना, तिथं माझ्या शेजारी तुम्ही उभं राहायला पाहिजे होतं. ते तुम्ही केलं असतं तर मी परत भाऊ म्हटलं असतं. अजून ती माणसं आहेत. एरंडोलचे गेले, बाकीचे चौघं आहेत. तिथं जा. मला काय सांगता?"

मी जाईन म्हणालो. बाहेर एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली होती. अक्का त्यांच्याकडे वळल्या, "बठ पोरी, भ्यावू नको," म्हणाल्या, आणि मी तिथं असण्याचं काही कारण राहिलं नाही.

ती आमची शेवटची भेट. तीन वर्षांनी अक्का गेल्या, हे मला बोरसेनं लिहिलेल्या पत्रातून कळलं.

त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी स्टुडिओतून निघून स्टेशनकडे जाताना वाटेत एस.टी. स्टँड लागला. चोपड्याची गाडी लागलेली होती. सकाळचे अकराही वाजले नव्हते. जाऊन, दोन दारं करून, संध्याकाळी परत येता आलं असतं. कंडक्टर दारात उभा राहून हाक देत होता आणि गाडीत जागाही पुष्कळ होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. त्या माणसाला काय सांगायचं ते मनात एकदा म्हणूनही पाहिलं. मग गाडी निघाली. मी पानाच्या टपरीवर नाशिकच्या रेल्वेची वेळ विचारली.